वादळाने नेलेली वाळू परत येते का?

प्रश्न असा आला आहे: आम्ही नाशिकचे चार मित्र डहाणू-बोर्डी पट्ट्यात होमस्टेसाठी समुद्राला लागून जागा बघतोय. २०२१च्या तौक्ते वादळात इथली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, बरीच गेली, असं गावकरी म्हणतात. दलाल म्हणतो, वाळू दोन वर्षांत परत आली, आता चिंता नको. आम्ही गुगल अर्थवर जुनं आणि नवं चित्र शेजारी लावून पाहिलं, तर किनारा साधारण चाळीस मीटर आत आलेला दिसतो. खरं कोणाचं? आणि पुढे दगडी बंधारा घातला तर जागा सुरक्षित राहील का?

उत्तर:

गावकरी आणि दलाल, दोघांचंही बरोबर असू शकतं. चुकीचे असण्याची सगळ्यात जास्त शक्यता आहे ती तुमच्या चाळीस मीटरची, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

डहाणूकडे उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, भरती आणि ओहोटीच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. त्यात बोर्डीची पुळण सपाट. पन्नासास एक असा उतार धरला, तर पाणी एक मीटर चढल्यावर पाण्याची कड पन्नास मीटर आत येते. चाळीस मीटर दिसायला ऐंशी सेंटिमीटरचा फरक पुरे. उधाणाच्या दिवशी भरती जोरात असताना तेवढं पाणी पाऊण तासात चढतं.

उपग्रह आपल्याकडे बहुतेक वेळा सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास चित्र घेतात. आता किनाऱ्यावरचा जुना हिशेब लावा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे सहा, पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर हा हिशेब तासाभराच्या फरकाने जुळतो. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या चित्रात पाणी वर चढलेलं असणार, आणि अष्टमीच्या आसपासच्या चित्रात सहाची भरती ओसरून ओहोटी लागलेली असणार. एक चित्र पौर्णिमेजवळचं आणि दुसरं अष्टमीजवळचं निघालं, तर वाळूचा कण न हलता किनारा शंभर मीटर सरकलेला दिसेल. तुमच्या चित्रांवर तारखा आहेत. भिंतीवरचं कॅलेंडर किंवा जुनं पंचांग काढा आणि तिथी बघा. महिनाही बघा, कारण मेमधली पुळण आणि सप्टेंबरमधली पुळण यांची तुलनाच होत नाही. ते का, ते पुढे येईल.

त्यापेक्षा भरवशाची रेघ म्हणजे झाडोऱ्याची कड: सुरूच्या बनाची समुद्राकडची बाजू, मर्यादवेल जिथे संपते ती जागा. ती रोज दोनदा हलत नाही. माझ्या कामात आम्ही एका जागेची दोन चित्रं कधीच घेत नाही. पंचवीस-तीस वर्षांची डझनावारी चित्रं घेतो, प्रत्येकाला भरतीची दुरुस्ती लावतो आणि मग कल काढतो. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा १९९० ते २०१८ असा अभ्यास याच रीतीने केला. त्यात ३३.६ टक्के किनारा धुपतोय, २६.९ टक्के वाढतोय आणि बाकीचा कमी-अधिक जागेवर आहे, असं निघालं. वाढणारा भाग लोकांच्या गप्पांत कधी येत नाही, कारण वाळू साठली म्हणून कोणी तक्रार करत नाही.

आता वादळ. समुद्र शांत असताना लाटा पुळणीच्या खालच्या भागात खेळतात. वर साठलेली कोरडी वाळू आणि तिच्यामागचा वाळूचा उंचवटा त्यांच्या टप्प्यात येत नाही. वादळ पाण्याची पातळीच उचलतं. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर तो पाणी ढकलून आणतो, आणि समुद्र जितका उथळ तितकं हे पाणी जास्त चढतं. फुटणाऱ्या लाटा स्वतः आणखी काही पाणी किनाऱ्याशी साठवतात. या सगळ्यावर लाटेची जीभ धावत वर येते ती वेगळीच. या बेरजेने पाणी उंचवट्याच्या पायथ्याशी पोचलं की तिथली वाळू ढासळते, आणि तळाशी समुद्राकडे परतणारा प्रवाह ती ओढून नेतो. लाटा जिथे फुटतात तिथे, म्हणजे समुद्रात साधारण काही दहा मीटर ते शे-दोनशे मीटरवर, त्या वाळूचा दांडा तयार होतो. पुढच्या लाटा त्या दांड्यावरच फुटतात आणि किनाऱ्याला येईपर्यंत दमलेल्या असतात. पुळण सपाट होणं हा तिचा स्वतःचा बचाव आहे. दुसऱ्या दिवशी फोटो काढणाऱ्याला ते नुकसान वाटतं, आणि बातमीही तशीच येते.

कोकणात हे वादळाशिवायही दरवर्षी घडतं. जून ते ऑगस्ट भर समुद्रात लाटा तीन-चार मीटरवर जातात आणि वाळू दांड्यावर जाते. ऑक्टोबरपासून लाटा मवाळ होतात, बऱ्याच दिवशी मीटरभराच्याही आतल्या, आणि त्या लांब, सावकाश लाटा वाळू थोडी थोडी ढकलत वर आणतात. एप्रिल-मेमध्ये पुळण सगळ्यात भरलेली असते. दलाल गिऱ्हाइकांना उन्हाळ्यात जागा दाखवायला का नेतात ते यातून समजा.

नाशिककर पुराचा अंदाज दुतोंड्या मारुतीवरून घेतात: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. एक खूण, एक पातळी, आणि सगळ्यांना कळतं किती पूर आला. किनाऱ्याच्या बाबतीत लोक तेच काम वाऱ्याच्या वेगाकडून करून घेऊ पाहतात. 'ताशी एवढे किलोमीटर होता, म्हणजे केवढी वाळू गेली असेल!' तसं होत नाही. तीन वादळं शेजारी ठेवून बघू.

निसर्ग ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि त्याच रात्री त्याचं उरलेलं अंग आपल्या नाशिकवरून पाऊस पाडत गेलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाण जवळ आलेलं. पण बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळची भरती उलटून गेली होती. वादळ ओहोटीच्या पाण्यावर आलं. तेच रात्री भरतीला येतं तर किनाऱ्याची कथा वेगळी झाली असती.

तौक्ते महाराष्ट्रात जमिनीवर आलंच नाही. १७ मे २०२१ रोजी ते मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातूनच वर सरकलं आणि रात्री गुजरातच्या किनाऱ्याला, दीव-उना भागात धडकलं. वाऱ्याचा मुख्य तडाखा गुजरातला, पण लाटांचा मार तळकोकणापासून डहाणूपर्यंत सगळ्या किनाऱ्याला बसला. अमावास्या होऊन सहा दिवस झाले होते, उधाण ओसरून भांग, म्हणजे अष्टमीजवळची कमी जोराची भरती-ओहोटी, लागत होता. उधाण असतं तर पाणी आणखी वर चढलं असतं. तिसरं बिपरजॉय: जून २०२३ मध्ये नऊ-दहा दिवस अरबी समुद्रात रेंगाळलं आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर गेलं. आपल्या किनाऱ्यापासून बरंच दूर. पण सहा तासांचं जोरदार वादळ आणि चार दिवसांच्या मध्यम लाटा यांत वाळू जास्त कोण नेतं, असं मला विचाराल तर पुष्कळदा दुसऱ्या. चार दिवसांत आठ भरत्या येतात.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मला फारसं कोणी बोलताना दिसत नाही. तौक्ते मेच्या मध्याला, निसर्ग जूनच्या सुरुवातीला. पुळण भरलेली होती, म्हणून द्यायला वाळू होती, हे बरं झालं. पण दांड्यावर गेलेली वाळू परत आणायला मवाळ लाटा लागतात, आणि पुढ्यात थेट पावसाळा. म्हणजे सुधारायला ऑक्टोबरपर्यंत थांबणं आलं, आणि तोवर उघड्या पडलेल्या उंचवट्याला अख्ख्या पावसाळ्याचा मार. उलट, फयान ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग-मुंबईच्या मध्ये आलं. तेव्हा पुळण पावसाळ्याने आधीच बारीक झालेली, पण पुढे सहा-सात महिने भरून यायला मोकळे. एकाच ताकदीचं वादळ मेमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये किनाऱ्याला वेगवेगळं पडतं.

जगात हा प्रकार सगळ्यात बारकाईने मोजला गेलाय तो सिडनीजवळच्या नॅराबीन पुळणीवर. तिथे १९७६ पासून महिन्याच्या महिन्याला पुळणीचे काटछेद घेतले जातात. जून २०१६ मध्ये तिथे एक वादळ आलं. लाटा फार अफाट नव्हत्या, पण नेहमीच्या दक्षिणेऐवजी ईशान्य-पूर्वेकडून आल्या, उधाणावर आल्या, आणि पुळणीच्या ज्या टोकाला एरवी आडोसा असतो तिथे काही ठिकाणी पन्नास मीटरपर्यंत किनारा गेला. एका घरापुढचा पोहण्याचा तलाव उखडून वाळूत पडला, तो फोटो जगभर फिरला. नंतर पुळण बऱ्याच अंशी भरून आली. त्याच संशोधकांनी पुढे ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आणि मेक्सिकोतल्या पुळणी तपासून २०२२ मध्ये दाखवलं की काही मोठी वादळं खोल पाण्यात पडून असलेली वाळूही किनाऱ्याच्या जवळ आणतात आणि पुळणीचा एकूण साठा वाढवून जातात. वादळ म्हणजे नेहमीच तोटा, असंही धरू नका.

म्हणून विचारायचं ते हे: वाळू गेली कुठे? दांड्यावर गेली असेल तर एक-दोन हंगामांत येईल. खूप खोलात उतरली असेल तर येईल पण वर्षं लागतील, किंवा पुढचं मोठं वादळ आणेल. खाडीच्या तोंडात शिरून बसली तर तिथेच अडकते. शेजारच्या गावाच्या किनाऱ्याला सरकली, तर लाटांची दिशा बदलल्यावर काही भाग परत येतो. दक्षिण कोकणातल्या छोट्या पुळणींना दोन्ही बाजूंना कातळाची टोकं असतात, वाळू त्या कोंदणाबाहेर सहज जात नाही, म्हणून त्या वादळातून चांगल्या सावरतात. डहाणू-बोर्डीकडे असं बंद कोंदण नाही, तिथे किनाऱ्याने वाळू बरीच लांब सरकू शकते. आणि पाणी उंचवटा ओलांडून वाडीत शिरलं असेल तर वाळू जमिनीकडे येऊन पडते. ही वाळू लोक ट्रॉलीत भरून बांधकामाला किंवा भरावाला नेतात. तसं करू नये. ती परत उंचवट्यावर टाकली पाहिजे, कारण पुळण महिन्यांत भरते पण उंचवटा वाऱ्याने आणि वेलींनी वर्षानुवर्षं उभा राहतो, आणि तुमचं घर वाचवणारा तोच असतो. दलाल 'वाळू परत आली' म्हणतो तेव्हा तो पुळणीबद्दल बोलतोय. उंचवटा परत आलाय का, ते त्याला विचारा.

आता पुरवठ्याचं बघू, आणि इथे नाशिकचा संबंध येतो. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा पालघरच्या किनाऱ्याला मिळते. दिंडोरी तालुक्यात उगम पावणारी दमणगंगा दमणला. म्हणजे त्या किनाऱ्याला नद्यांकडून जी वाळू मिळते, तिच्यातला काही वाटा आपल्याच डोंगरांचा. पण वैतरणेवर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, दमणगंगेवर मधुबन. धरणात पाण्याबरोबर वाळूही थांबते. खाली खाडीत जी पोचते, तिच्यावर रेती उपशाचे पंप. गोदावरीचंही तेच: आंध्रात समुद्राला मिळताना तिच्यात सत्तरच्या दशकात वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ होता, नव्वदच्या दशकात तो पावणेसहा कोटींच्या आसपास आला. पुरवठा चालू असलेल्या किनाऱ्यावर वादळ म्हणजे तात्पुरती उलथापालथ. पुरवठा आटलेल्या किनाऱ्यावर प्रत्येक वादळानंतर थोडी थोडी वाळू कमी परत येते. गावकऱ्यांना जे दिसतं ते बहुतेक हेच. ते तौक्तेचं नाव घेतात, कारण त्या दिवशी ते डोळ्यांना दिसलं.

यात दोन गोष्टी आणखी धरा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९८२ ते २०१९ची नोंद तपासून २००१ नंतर अरबी समुद्रातली चक्रीवादळं सुमारे ५२ टक्क्यांनी वाढल्याचं दाखवलंय. आणि तुमच्या जागेपासून फार लांब नसलेल्या वाढवणला मोठं बंदर होतंय. त्याची लाटरोधक भिंतच दहा किलोमीटरच्या आसपास आहे. एवढी भिंत समुद्रात उभी राहिली की लाटांची दिशा आणि जोर आसपासच्या किनाऱ्यावर बदलणार. कुठे वाळू साठेल, कुठे जाईल. १९९० पासूनचा कल पुढची तीस वर्षं तसाच चालेल, असं तिथे तरी मी कोणाला लिहून देणार नाही.

जागा बघायला कधी जायचं? ऑगस्टच्या शेवटी, पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी, पूर्ण भरतीच्या आधी तासभर. पावसात जव्हार घाटातून जायचं जिवावर येतं, पण हीच वेळ. भरती कुठवर येते ते उभं राहून बघा. उंचवट्याला समोरून उभा कापलेला कडा आहे का, असला तर किती उंच? हातभर असेल तर दरवर्षीचं आहे, पुरुषभर असेल तर सावध व्हा. सुरूच्या झाडांची मुळं हवेत लोंबतायत का, समुद्राकडच्या झाडांचे बुंधे वाळूत पडलेले दिसतायत का? मग ओहोटीला, कोरड्या वाळूत फावड्याने दोन-तीन फूट खोल खड्डा काढा आणि त्याची एक बाजू सरळ तासा. पिवळट वाळूत मध्येच काळ्या, जड वाळूचा बोटभर पट्टा लागेल. हलकी वाळू लाटा ओढून नेतात, जड काळे कण मागे राहतात, म्हणून तो पट्टा म्हणजे बहुधा मागच्या जोरदार झोडपणीची पातळी. त्याच्यावर जेवढी वाळू दिसते तेवढी त्यानंतर परत आली. शंखशिंपल्यांच्या तुकड्यांचा जाड थर लागला तर तोही तसाच वाचायचा. एका खड्ड्यावर विसंबू नका, किनाऱ्याला उभ्या रेषेत तीन-चार काढा.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना 'किती मीटर गेलं' असं विचारू नका. होड्या ओढून कुठवर आणायचे, जुनी विहीर कुठे होती, होळी कुठे पेटायची, असं विचारा. त्या जागा पावलांनी मोजता येतात.

बंधाऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जिथे मागे अख्खी वस्ती आहे आणि हलायला जागा नाही, तिथे धूपप्रतिबंधक बंधारा समजू शकते. चार मित्रांच्या होमस्टेपुढे नको. बंधारा मागची जमीन धरून ठेवतो, पुढची पुळण नाही. वादळात उंचवट्याने जी वाळू द्यायची ती दगडांमागे कोंडली जाते, लाट दगडावर आपटून पायथा खणते, आणि काही वर्षांत भरतीला चालायला वाळूच उरत नाही. बंधाऱ्याच्या टोकाला तर शेजाऱ्याची जमीन जोरात कापली जाते. मग तोही बंधारा मागतो. तुमचे पाहुणे पुळणीसाठी येणार आहेत, दगडासाठी नाही. आणि परवानगीशिवाय तिथे दगड टाकणं बेकायदाच आहे.

कायद्याचा भाग थोडक्यात: २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेत ग्रामीण किनारे दोन गटांत आहेत. २०११च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा दाट वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, नाहीतर २०० मीटर पट्ट्यात नवीन बांधकामाला मनाई. तुमचा गट नंबर मंजूर किनारा नकाशावर टाकून घ्या, सातबाऱ्यावर हे दिसत नाही. आणि नकाशावरची भरतीरेषा ही ठरावीक वर्षी आखलेली आहे, पुळण मागे सरली म्हणून ती आपोआप सरकत नाही.

तुमच्या जागी मी असते तर समुद्राला लागून असलेला तुकडा सोडून गावरस्त्याच्या पलीकडची जागा बघितली असती. ती स्वस्तही पडते. समुद्राकडचा तुकडा घ्यायचाच असेल तर उंचवटा आणि त्याच्यावरची मर्यादवेल हलवायची नाही, लाकडी पायवाट वरून न्यायची, आणि पुढच्या भागात उचलून नेता येईल एवढंच ठेवायचं: बाकं, छपऱ्या, झोपाळे. संडासाची टाकी आणि बोअरवेल शक्य तितकी मागे. व्यवहारात किंमत ठरवताना समुद्राकडचे पहिले वीस-पंचवीस मीटर शून्य रुपयांचे धरा, आणि दलाल त्याला काय म्हणतो ते बघा.